भाडेकरू जिवंत हवा

अडुसष्टाव्या वर्षी माणसानं छपरावरून पडू नये. आणि पडायचंच असेल तर बायको खालच्या खिडकीशी चहा पीत उभी असताना तर मुळीच पडू नये. मी जानेवारीत पडलो तेव्हा छपरावरचा बर्फ फावड्यानं खाली लोटत होतो. आधी बर्फ गेला, मग फावडं गेलं, पाठोपाठ मी गेलो. खाली मीच लोटलेल्या बर्फाचा ढीग होता म्हणून हाडं वाचली, पण मी काखेपर्यंत आत रुतलो आणि बरोबर खिडकीसमोर उभा राहिलो. काचेपलीकडे फुसाए, अलीकडे मी. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे सलग इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या सुगावारानं दोर लावून मला उपसून काढलं. तोवर फुसाएचा चहा संपला होता. तिनं खिडकी उघडली आणि शांतपणे म्हणाली, "पुढचा हिवाळा मी जिथे झाडाला संत्री लागतात तिथे काढणार आहे. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

असं आमचं मात्सुयामाला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात सप्टेंबर महिन्यावर मात्सुयामाचं चित्र होतं: एक नारिंगी ट्राम, मागे डोंगरावर किल्ला, कडेला संत्र्याचं झाड. आकिताच्या डोंगरातल्या माणसानं देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं शहर निवडायला एवढा अभ्यास पुरतो. आमचं घर तोक्योच्या एका जोडप्यानं घेतलं. त्यांना म्हणे बर्फाचा आनंद लुटायचा होता. मी त्यांना फावडं तसंच देऊन टाकलं. ऑक्टोबरअखेर ताबा द्यायचा, तोवर आम्ही नवं घर शोधायचं, असा करार झाला. भाड्याचं छोटंसं घर. दोन माणसं, दोन खोल्या, एक न्हाणीघर. त्यात काय अवघड आहे, असं मी म्हणालो. हे वाक्य मी चारचौघांत म्हणालो याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे माझ्या योग्यतेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी अडतीस वर्षं आमच्या गावच्या कचेरीत रहिवासी दाखले आणि सहीऐवजी मारायच्या खासगी शिक्क्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर होतो. माझ्या खिडकीतून अपुरा अर्ज कधीही आत गेला नाही. एका गृहस्थाला मी एकाच कामासाठी पाच वेळा परत पाठवलं होतं. सहाव्या वेळी तो रडला, पण अर्ज मात्र असा निर्दोष आला की मी त्याची प्रत काढून नव्या कारकुनांना दाखवायला ठेवली. अशा माणसाला घर शोधणं म्हणजे एक फाइल. मी तक्ता आखला: चढ किती, दवाखाना किती लांब, ट्राम किती लांब, ऊन कुठल्या बाजूनं, शेजार कसा. बावीस रकाने झाले.

शेजाऱ्यांनी त्यात आणखी नऊ सुचवले. गल्लीतलं कुणीही मात्सुयामाला गेलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची मतं ठाम होती. सुगावारा म्हणाला, "समुद्राजवळ घेऊ नकोस. लोखंड गंजतं तिथे, तू किस झाड की पत्ती." त्याची बायको म्हणाली, डोंगराजवळ नको, रानडुकरं येतात. न्हावी म्हणाला, स्टेशनजवळ नको, झोप येत नाही. आणि स्टेशनपासून लांबही नको, कारण मग पाहुणे येत नाहीत. फुसाए म्हणाली, "मग लांबच बघा."

सप्टेंबरात आम्ही मात्सुयामात एका स्वस्त हॉटेलात उतरलो आणि घरं दाखवणाऱ्या एका एजन्सीत गेलो. तिथल्या ओचीसान पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, आणि इतक्या नम्र की त्या बोलायला लागल्या की आपण कुणाच्या तरी दुखवट्याला आलोय असं वाटे. त्यांनी माझा तक्ता दोन्ही हातांनी घेतला, बघितला, "अत्यंत अभ्यासपूर्ण," असं म्हणून बाजूला ठेवला आणि विचारलं, "वय?"

"अडुसष्ट."

"दोघांचं मिळून की..." असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहरा तसाच झाला. त्यांनी फोन उचलला.

"हो, दांपत्य आहे. शांत आहेत. कुत्रं नाही, पियानो नाही. निवृत्त सरकारी नोकर. हो... अडुसष्ट. हो. हो. समजले. अत्यंत दिलगीर आहे." फोन खाली. "एक तासापूर्वीच गेलं हो ते घर."

मात्सुयामात त्या दिवशी विलक्षण मागणी असली पाहिजे. आम्ही विचारलेली तेरा घरं एक तासापूर्वीच गेली होती. चौदावं गेलं नव्हतं, पण मालकाला जिन्याची काळजी वाटत होती. पंधरावं तळमजल्यावर होतं, म्हणून मी आशेनं पुढे सरकलो. त्या मालकाला शांततेची काळजी वाटत होती.

"आम्ही शांतच आहोत," मी म्हणालो.

ओचीसाननी मान खाली घातली. "त्यांना... फार शांत होण्याची काळजी वाटते."

क्षणभर मला कळेना. मग कळलं. मी खुर्चीत ताठ बसलो. "म्हणजे आम्ही घरात मरू, अशी भीती आहे?"

"असं कुणीही म्हटलेलं नाही," ओचीसान घाईनं म्हणाल्या. "कुणीच कधी म्हणत नाही."

फुसाएला हसू फुटलं. ती तोंडावर रुमाल धरून हसत राहिली आणि मी अडतीस वर्षांच्या सेवेचा मान राखून भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्याकडे एक घर होतं. छान, हवेशीर, ट्रामपासून पाच मिनिटं, माझ्या तक्त्यात एकतीसपैकी सव्वीस गुण. आम्ही खोलीत उभे होतो. नवी चटई, नवा रंग. ओचीसान दारातच थांबल्या होत्या.

"एक गोष्ट नियमानं सांगणं भाग आहे," त्या म्हणाल्या. "आधीचे भाडेकरू इथेच वारले. आणि ते... बऱ्याच दिवसांनी कळलं."

मी विचार केला. "म्हणजे बाकीचे मालक मला घर देत नाहीत कारण मी मरेन, आणि हे देतायत कारण इथे आधीच कुणीतरी मेलंय?"

"आपण अगदी नेमकं मांडलंत."

"आम्हाला चालेल," फुसाए म्हणाली. "मेलेला माणूस भिंतीला खिळे ठोकत नाही, रात्री गाणी लावत नाही. माझी काही तक्रार नाही."

ओचीसाननी मालकाला फोन केला. आम्ही ऐकत होतो. "हो, त्यांना मान्य आहे. हो. अडुसष्ट. हो... समजले." त्यांनी फोन ठेवला आणि नेहमीपेक्षा खोल वाकल्या. "मालक म्हणतात, एकदा झालंय तेवढं पुरे."

त्या संध्याकाळी मी हॉटेलजवळच्या सार्वजनिक स्नानगृहात गेलो. गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसलं की माणसाचा अपमान थोडा सैल होतो. हौदात चार म्हातारे आधीच मुरत पडले होते. मी आकिताचा, हे त्यांनी माझ्या पहिल्याच वाक्यावरून ओळखलं, आणि माझं दुःख दुसऱ्या.

"कुठल्या भागात बघताय?" डोक्यावर रुमालाची घडी ठेवलेल्या एकानं विचारलं.

"किल्ल्याच्या मागे."

"छे! तिथली मोहल्ला समिती कचरा तपासते. बाटलीचं झाकण वेगळं काढलं नाही तर बाटली दाराशी परत आणून ठेवतात. चिठ्ठी लावून."

मला ती समिती मनापासून आवडली.

"भाग सोडा हो," दुसरा म्हणाला. "खरा घोळ तुमच्या डोक्यावर आहे. केस बघा! डोंगरावर बर्फ पडल्यासारखे. कोण देणार घर? काळे करा. मी केले, बघा."

त्याचे केस खरोखर काळे होते. खालचा चेहरा सत्त्याहत्तर वर्षांचा होता, पण केस जेमतेम तिशीचे.

मी असल्या गोष्टी करणारा माणूस नाही. म्हणून मी ती कुणाला न सांगता केली. सकाळी फुसाए नाश्त्याला खाली गेली तेव्हा हॉटेलच्या मोरीत दार लावून केली. ती परत आली, दारातच थबकली, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत म्हणाली, "अर्जात केसांचा रंग विचारतात का हो?"

त्या दिवशीचा मालक दंतवैद्य होता, पंचावन्नचा. त्याचं घर किल्ल्याच्या मागच्या चढावर होतं. सप्टेंबरचं ऊन, कोट घातलेला, आणि चढ माझ्या तक्त्यात होता त्याच्या दुप्पट. वर पोचेपर्यंत मानेवरून काहीतरी गरम ओघळतंय असं वाटलं. दंतवैद्यानं माझ्याशी बोलता बोलता कागदी रुमालांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी एक घेऊन कपाळ टिपलं. रुमाल शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा निघाला. पांढऱ्या कॉलरवर दोन काळे ओघळ खाली उतरले होते आणि तिसरा कानामागून निघाला होता.

आपल्याकडची सभ्यता अशा वेळी फार छळते. ओचीसान खिडकीतून किल्ल्याचं सौंदर्य न्याहाळू लागल्या. दंतवैद्यानं हलक्या आवाजात, घाबरलेल्या रोग्याशी बोलतात तसं विचारलं, "घर खरंच हवंय का आपल्याला?"

"हो," मी म्हणालो.

दया आली असावी. तो म्हणाला, घर देतो, पण कागद पूर्ण हवेत. साठीच्या आतला, कायम कमाईचा जामीनदार. त्याच्या नोंदणीकृत शिक्क्याचा दाखला. तीन वर्षं कर भरल्याचे पुरावे. आणि आमचा रहिवासी दाखला, तीन महिन्यांच्या आतला.

मी सुखावलो. शेवटी कागदांची भाषा बोलणारा माणूस भेटला होता! मी पिशवीतून रहिवासी दाखला ऐटीत काढला. ओचीसाननी तारीख पाहिली, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"तीन महिने आणि दोन दिवस झालेत," त्या म्हणाल्या. "अत्यंत दिलगीर आहे."

गावच्या कचेरीत मी फोन लावला. माझ्या जागेवर आता कामादा नावाची बाई बसते. तिला मीच तयार केलं आहे.

"नारितासान! तब्येत कशी आहे? बर्फात पडलात म्हणे."

"ते जाऊ दे. रहिवासी दाखला जुना झाला ग, दोन दिवसांनी. नवा या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवून दे."

"पाठवते की. अर्ज करा, ओळखपत्राची प्रत जोडा आणि पत्ता लिहिलेला लिफाफा, तिकीट लावून. पण दाखला नोंदवलेल्या घरीच जाईल, हॉटेलवर नाही."

"अगं, तू मला ओळखत नाहीस का?"

"नारितासान, माझ्या पहिल्याच आठवड्यात माझी सख्खी आत्या दाखल्याला आली होती. ओळखपत्र घरी विसरली होती. तुम्ही माझ्या मागे उभं राहून म्हणालात, नियम ओळखीच्यांसाठीच असतो, अनोळखी माणूस तो पाळतोच. आत्या तशीच बर्फातून परत गेली. अजून माझ्याशी बोलत नाही."

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला. पण तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता.

अर्ज गेला. दाखला आकिताच्या घरी गेला. तिथून तो सुगावारानं उचलला आणि आमच्याकडे पाठवला, सोबत दोन पानी पत्र: समुद्राजवळ घेऊ नकोस, लोखंड गंजतं.

जामीनदाराचं काम याहून कठीण होतं. साठीच्या आतला, कमावता, आमच्यासाठी शिक्का मारेल असा या जगात एकच माणूस होता आणि त्याच्याशी मी सहा वर्षांत धड चार वाक्यं बोललो नव्हतो. आमचा मुलगा रिओजी. बँकेत होता. चांगल्या बँकेत, चांगल्या खुर्चीवर. तेहतिसाव्या वर्षी एक दिवस ती सोडून नागानोच्या डोंगरात पाव भाजायला गेला. मी त्याला तेव्हा जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि त्यानं जे उत्तर दिलं ते बरोबर होतं, म्हणून तर अजिबातच नाही.

फुसाएनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "मी नाही बोलणार. जामीनदार तुम्हाला हवाय."

"हॅलो, बेकरी."

"मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"तुझा बाप."

मागे कुठेतरी भट्टीची घंटा वाजली. "आईला काय झालं?" त्याचा आवाज एकदम बदलला.

"आईला काही झालं नाही. मलाच झालंय. म्हणजे झालं नाही. होईल, अशी लोकांना भीती आहे." मी शक्य तितक्या थोडक्यात सगळं सांगितलं. केसांचं सोडून.

"जामीनदार? मी?" तो म्हणाला. "बाबा, सहा वर्षं तुम्ही माझ्या बेकरीला 'तो प्रकार' म्हणताय. 'तो प्रकार अजून चालू आहे का' असं आईला विचारता. ती सांगते मला."

मी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर ट्राम बघत होती.

"तो प्रकार... म्हणजे ती बेकरी... फायद्यात आहे का? तीन वर्षांचे कराचे कागद लागतात."

"हे तुम्ही बाप म्हणून विचारताय की खिडकीवरचे साहेब म्हणून?"

मी अडतीस वर्षं ज्या खिडकीच्या आत बसलो, तिच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिल्यावर माणसाचे हात नेमके कुठे ठेवायचे असतात, हे मला त्या क्षणी कळेना. "दोन्ही नाही," मी शेवटी म्हणालो. "घर मिळत नाहीये रे."

पलीकडे भट्टीचं दार लागलं. तो म्हणाला, "पाठवतो कागद."

"शिक्का मात्र नोंदणीकृत—"

"आहे ना शिक्का. पावावर मारायचा."

"अरे, नोंदणीकृत लागतो!"

"गंमत केली, बाबा. पूर्वी कळायची का तुम्हाला गंमत?"

"नाही," फुसाए खिडकीशी उभी राहूनच म्हणाली.

पाच दिवसांनी एक खोकं आलं. वर कागद: एकही सही चुकलेली नाही, एकही तारीख राहिलेली नाही, प्रत्येक पानाचा कोपरा जुळवलेला. मी ते तीनदा तपासले. परत पाठवण्यासारखं काहीच सापडलं नाही. कराचे आकडे बघून मी चष्मा पुसला. खाली कागदात गुंडाळलेला एक मोठा, काळपट, अक्रोड घातलेला पाव होता. मी म्हणालो, नंतर खाऊ. फुसाए म्हणाली, आत्ता. हॉटेलच्या पलंगावर बसून आम्ही तो हातानं तोडून खाल्ला. सहा वर्षांत मी त्याच्या हातचा पाव पहिल्यांदाच तोंडात घालत होतो. फार चांगला होता. इतका चांगला की मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे मी शेवटचा तुकडाही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कागद घेऊन एजन्सीत गेलो. ओचीसान उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हाच मी ओळखलं.

"दंतवैद्यांच्या भाचीचं लग्न ठरलं," त्या म्हणाल्या. "घर तिला दिलं."

माझ्या हातात निर्दोष कागद होते आणि ते आत द्यायला कुठलीही खिडकी नव्हती. घर सोडायला तीन आठवडे उरले होते. तोक्योच्या जोडप्यानं विचारलं होतं, फावडं कुठल्या हातात धरायचं.

ओचीसान बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत होत्या. "एक घर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "मी ते सहसा दाखवत नाही. मालकीणबाई जरा... विशेष आहेत. मी आजवर अकरा जणांना नेलं. अकराही परत आले."

"अटी काय आहेत?"

"त्या सांगत नाहीत. बघतात."

घर मित्सु बंदराच्या बाजूला होतं. समुद्राच्या इतकं जवळ की सुगावारा ऐकून झोपला नसता. दोन मजली जुनं लाकडी घर. वर दोन खोल्या भाड्यानं, खाली मालकीण. तामाईबाई शहाऐंशी वर्षांच्या, उंचीनं माझ्या खांद्याच्या खाली, आणि त्यांनी आम्हाला चहा देण्याआधी माझे गुडघे पाहिले.

"जिना चढून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी चढलो.

"आता उतरा. लवकर. अहो, त्याहून लवकर!"

मी उतरलो. अडुसष्टाव्या वर्षी, कोट घालून, चार वेळा.

मग आम्ही बसलो. मी तक्ता काढला, माझी पद्धत समजावली. त्यांनी चष्मा लावून एकतीस रकाने वाचले. "यात माझा रकाना कुठाय?"

"आपला?"

"जमीन मोजलीत, ऊन मोजलंत, दवाखाना मोजलात. खाली कोण राहतं ते नको मोजायला?"

मी रिओजीचे कागद पुढे केले. त्यांनी ते न उघडताच परत सरकवले. "जामीनदार कुठे राहतो?"

"नागानोला."

"मग त्याचा मला काय उपयोग? नागानोहून येईस्तोवर मी वास मारायला लागेन."

ओचीसानना चहाचा ठसका लागला.

"हे बघा," तामाईबाई म्हणाल्या. आवाज तोच होता, पण त्या आता माझ्याकडे बघत नव्हत्या, कपातल्या चहाकडे बघत होत्या. "सगळ्या मालकांना वाटतं, म्हातारा भाडेकरू मरेल. मला तरुण भाडेकरूंची भीती वाटते. ते सकाळी कानात तारा घालून जातात, रात्री तसेच येतात. गेल्या वर्षी मी इथे या चटईवर पडले. पाय मुरगळला. वरच्या मुलाला अडीच तास हाका मारल्या. चांगला मुलगा होता. जाताना मला फळं देऊन गेला. पण ऐकू आलं नाही त्याला." त्यांनी कप खाली ठेवला. "मला कान असलेलं माणूस हवंय. तुमची झोप कशी?"

"हलकी आहे त्यांची," फुसाए म्हणाली. "चाळीस वर्षं पहाटे पाचला उठतायत बर्फ काढायला."

"मग ऐका. सकाळी सातला मी खिडकीची लाकडी झडप उघडते. तुम्हीही उघडायची. माझी उघडी दिसली नाही तर खाली यायचं. तुमची दिसली नाही तर मी वर येईन. कराराला एवढं पुरे."

मी खिशातून पेन काढलं. "हे लेखी करू या का?"

"मेल्यावर लेखी काय वाचायचंय मला!" त्या म्हणाल्या.

अशा रीतीनं आम्ही ऑक्टोबरच्या चोविसाव्या तारखेला मित्सुत राहायला आलो. समुद्राचा वारा, चढ बिलकूल नाही, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. तक्त्यात सव्वीस गुणसुद्धा नाहीत, पण तक्ता तामाईबाईंनी मासळी गुंडाळायला घेतला होता.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगितली पाहिजे. सांगणार नव्हतो, पण फुसाए कुणालाही सांगते, तेव्हा माझ्या तोंडून गेलेली बरी. त्या दिवशी ती पहाटेच स्नानगृहात गेली होती. मी झोपलो होतो. चाळीस वर्षं पाचला उठणाऱ्या माझ्या शरीराला त्या दिवशी प्रथमच उमजलं होतं की बाहेर बर्फ नाही, आणि त्यानं सगळी जुनी थकबाकी एकदम वसूल केली. जाग आली ती माणसांच्या आवाजानं. डोळे किलकिले केले तर माझ्या गादीभोवती पायमोजे दिसले. चार.

"सव्वासात झाले," तामाईबाईंचा आवाज. "झडप बंद. मी हाका मारल्या. तीन हाका."

"तीनच दिवस झाले हो त्यांना येऊन," ओचीसानचा आवाज. त्या जवळच राहतात; त्यांना बोलावून घेतलं होतं. आवाजात पाणी होतं. "आणि मीच आणलं त्यांना इथे."

डोळे उघडायची हीच वेळ होती, हे मला कळत होतं. पण मी फाटक्या बनियनमध्ये होतो, आणि तोंड उघडं होतं असा मला दाट संशय आला. मी विचार केला, क्षणभर पडून राहावं, त्या बाजूला सरकल्या की सन्मानानं उठावं.

"माणूस चांगला होता," तामाईबाई म्हणाल्या. "कटकट्या, पण नीटनेटका. चपला सरळ लावून ठेवायचा."

"अक्षरही फार सुंदर होतं," ओचीसान हुंदका देत म्हणाल्या. "आणि घरासाठी केस काळे केले होते हो त्यांनी!"

अडतीस वर्षांच्या नोकरीत निरोपसमारंभाला माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मला ऐकत राहावंसं वाटलं. तेवढ्यात तामाईबाई म्हणाल्या, "थांबा. अंगठा हलला." आणि त्यांनी माझ्या पायाला काठी लावली.

मी किंचाळलो. ओचीसान किंचाळल्या. जिन्यात ओल्या केसांची फुसाए उभी होती. ती किंचाळली नाही. तामाईबाई खिडकीशी गेल्या, माझी झडप त्यांनी स्वतः उघडली आणि खाली गल्लीत जमलेल्या लोकांना मोठ्यांदा सांगितलं, "जिवंत आहे! नुसता आळशी आहे!"

त्या रात्री मी गजर तीन ठिकाणी लावला. सकाळी साडेसहाला उठलो, सात वाजता झडप उघडली, कर्तव्यदक्ष माणसाच्या चेहऱ्यानं खाली पाहिलं. तामाईबाईंची झडप बंद होती.

सात वाजून एक. सात वाजून दोन. "तामाईसान?" मी हाक मारली. उत्तर नाही. मी चष्मा शोधला, तो सापडेना. चपला सापडेनात. फुसाए ओरडली, "अहो, जा ना आधी!" मी जिन्यावरून धावलो, शेवटच्या दोन पायऱ्या चुकवल्या, दार ढकललं, आतलं दार अडकलं होतं ते खांद्यानं ढकललं, आणि "तामाईसान! तामाईसान!" असं ओरडत आतल्या खोलीत जाऊन पडलो.

त्या चटईवर ताठ बसल्या होत्या. समोर चहाचे दोन कप, हातात घड्याळ.

"अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "एवढ्यात मी दोनदा मेले असते."

"मी... चष्मा शोधत होतो."

"मढं बघायला चष्मा कशाला हवा?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मीही पाहिलं. अंगात बनियन होता, खाली आखूड चड्डी, अनवाणी पाय, आणि दार सताड उघडं असल्यामुळे गल्लीतली मासेवाली बादली हातात धरून हे सगळं बघत होती. "चहा घ्या," तामाईबाई म्हणाल्या. "उद्यापासून पायजमा घालून या. पण तो घालत बसून उशीर करू नका."

त्यांनी कप माझ्या हातात नुसता दिला नाही. मी तो नीट धरेपर्यंत खालून त्यांचाही हात होता.

आता फेब्रुवारी आहे. तोक्योच्या जोडप्यातला नवरा छपरावरून पडला, असं सुगावारानं कळवलं आहे. रिओजी पुढल्या महिन्यात येतोय, आणि तामाईबाईंनी त्याच्यासाठी अक्रोडाचा पाव मागवून ठेवला आहे. पाव तो स्वतःच भाजून आणणार आहे हे त्यांना सांगून झालं, पण त्या ऐकत नाहीत. माझी वेळ चार मिनिटांवर आली आहे, पायजम्यासकट. चाचणी कधी घ्यायची हे त्या आधी सांगत नाहीत, त्यामुळे झडप बंद दिसली की ती चाचणीच असेल असं धरून चालता येत नाही. मी धावतो, दार ढकलतो, आणि आतून "पाय पुसून या, चटई घाण होते!" असं कुणीतरी खेकसलं की माझा दिवस फार चांगला जातो.